घुणाक्षरांचे वाचन

संस्कृत पंडितांच्या न्यायमालिकेत ‘घुणाक्षरन्याय’ नावाचा एक न्याय आहे. लाकूड पोखरीत चाललेल्या घुणाच्या मार्गात कधी एखाद्या अक्षराची आकृती उमटावी आणि तिच्यामागे लेखनाचा हेतू मात्र तिळमात्र नसावा, अशा केवळ योगायोगाने घडून आलेल्या गोष्टीला हा न्याय लावतात. तर्कशास्त्राला हा दृष्टान्त सोयीचा आहे. परंतु ज्याच्या घराच्या तुळईवर ही अक्षरे उमटली असतील, त्या गृहस्थाने ती निरर्थक समजून पुसून टाकू नयेत. किडा लिहिण्यासाठी लाकूड पोखरीत नाही हे खरे. तथापि तो कोणत्या लाकडात शिरला, त्यातही कोणत्या भागात थांबला, छिद्र केवढे ठेवले आणि भुसा कसा टाकला, यांतील एकही गोष्ट योगायोगाची नसते.

आमच्या कोकणातील वडिलोपार्जित घरी देवघराच्या दाराची चौकट दर दिवाळीपूर्वी तेलरंगाने रंगविण्याचा परिपाठ कित्येक वर्षे चालला होता. एका आषाढात त्या चौकटीच्या पायथ्याशी सहज टेकलेला माझा अंगठा रंगाच्या पापुद्र्यासह आत गेला, आणि ज्याला आम्ही लाकूड समजून रंग देत होतो ते रंगाचे कवच आणि त्यात भरलेली वाळवीची माती एवढेच उरले आहे, असे निदर्शनास आले. चौकट बदलली, औषधही मारून घेतले. आणि तीन पावसाळ्यांनंतर नवी चौकटही जुनीच्याच वाटेने गेली. भिंतीपलीकडील न्हाणीचे पाणी जोत्यात मुरत होते, तिकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. पहिली चौकट गेली ती अज्ञानामुळे. दुसरी गेली ती निदानापूर्वीच इलाज केल्यामुळे. हा लेख त्या दुसऱ्या चौकटीने शिकविलेल्या धड्यातून लिहिला आहे.

कूज

लाकूड वयाने कुजत नाही. जुन्या वाड्यांतील सागाचे खांब शेदीडशे वर्षे उभे असलेले आपण पाहतो, आणि काल बसविलेली न्हाणीघराची चौकट पाच वर्षांत भुसभुशीत झालेलीही पाहतो. कूज ही कवकांची, म्हणजे बुरशीच्या जातीतील वनस्पतिसदृश जीवांची करणी होय. त्यांच्या सूक्ष्म बीजुका हवेत सर्वत्र असल्यामुळे त्यांना घरात येऊ न देणे कोणालाच शक्य नाही. परंतु त्यांना रुजू न देणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे, कारण लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिले, तर कूज सुरूच होत नाही. कोकणातील दमट हवेनेसुद्धा आच्छादित लाकूड सहसा ही मर्यादा फारशी ओलांडीत नाही. त्यासाठी गळणारे, मुरणारे किंवा साचणारे पाणीच लागते. म्हणून कूज दिसली की पाण्याची वाट जवळपास आहे असे निश्चित समजावे.

कुजीचे दोन प्रकार गृहस्थाला डोळ्यांनी ओळखता येतात. एकात लाकूड तपकिरी व ठिसूळ होते, त्याला उभ्याआडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटतात आणि चिमटीत धरले असता त्याची पूड होते. येथे कवकाने लाकडातील सेल्युलोज खाऊन लिग्निन तेवढे मागे ठेवलेले असते. दुसऱ्यात लाकूड फिकट पांढुरके, मऊ व तंतुमय होते, कारण तेथे लिग्निनचाही फडशा पडतो. पुष्कळदा असे लाकूड पुढे वाळून जाते, आणि ते पाहून जाणते सुतारही ‘कोरडेपणाने भुगा झाला’ असे म्हणतात; परंतु भुगा होण्याच्या काळी ते ओलेच होते, ही गोष्ट विसरता कामा नये. पावसाळ्यात कपाटाच्या पाठीवर येणारी हिरवी-करडी बुरशी मात्र निराळी. ती फडक्याने पुसली जाते व लाकडाचे बळ घटवीत नाही; हवा खेळती नाही, एवढीच सूचना ती देते.

परीक्षेसाठी दाभण पुरते. संशयित जागी ते तिरपे खुपसून लाकडाची चीप उचलावी. निरोगी लाकडाची चीप लांब, धारदार निघते. कुजलेले लाकूड आवाज न करता आखूड तुटते. ही परीक्षा तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकाशी, चौकटीच्या पायथ्याशी, पन्हळीखालच्या वाशांशी आणि मोरीखालच्या पाटणीशी अवश्य करावी. मुंबईतील १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींत सागाच्या तुळया व खांब यांवर मजले उभे असतात, आणि तेथे वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीचे पाणी खालच्या तुळईच्या टोकाशी वर्षानुवर्षे झिरपत असते. अशा ठिकाणी सुशोभित छत खालून ठोकून घेतल्याने डाग झाकला जातो, धोका मात्र नजरेआड वाढत राहतो.

वाळवी

वाळवीचे दोन वर्ग आहेत आणि त्यांचे इलाज परस्परांस लागू पडत नाहीत. म्हणून हा भेद प्रथम लक्षात घ्यावा. पहिला वर्ग जमिनीत राहणारा. या वाळवीला ओलावा व अंधार सोडून चालत नाही, म्हणून ती जमिनीपासून लाकडापर्यंत मातीच्या नळ्या बांधून आपला राजमार्ग तयार करते. भिंतीवर, जोत्यावर किंवा विजेच्या तारेच्या आडोशाने चढलेली ही मातकट रेघ हा तिच्या हजेरीचा लेखी दाखलाच होय. तिच्यातील काही जाती वारुळात कवकाची बाग करतात आणि तिच्यावर आपले पोषण साधतात. पावसाळ्यात कोकणात व गोव्यात जी वारुळाची अळंबी आवडीने खाल्ली जाते ती याच बागेची उपज. सिंधुदुर्ग-गोव्याकडे वारूळ सातेरीचे रूप म्हणून पूजिले जाते, आणि मेलेले काष्ठ मातीत मिळवून देणाऱ्या या जीवाचे रानातील कार्य पाहता ती भावना अस्थानी नाही. घरातील लाकूडही तिच्या दृष्टीने मेलेले काष्ठच असते; तेव्हा तिचा द्वेष न करता तिची वाट बंद करणे, हेच गृहस्थाचे काम आहे.

दुसरा वर्ग कोरड्या लाकडातच जन्म काढणारा. याला मातीशी संबंध नाही, म्हणून नळ्याही नाहीत. खुर्ची, पलंग किंवा खिडकीची चौकट यांच्या आत त्याची लहानशी वसाहत असते, आणि एखाद्या बारीक छिद्रातून खसखशीएवढे, कडक, सहा बाजूंचे दाणे खाली पडत राहतात. ते त्याचे मलकण होत. झाडून काढल्यावर चार दिवसांनी तेथेच पुन्हा त्यांची रास दिसली, तर आत वस्ती नांदते आहे असे समजावे. अशा वेळी जोत्याभोवती कितीही औषध ओतले तरी ते व्यर्थ जाते.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते आणि सकाळी जमिनीवर पंखांचा सडा पडलेला दिसतो. हे पंख वाळवीचे की मुंगीचे, हे ओळखणे सोपे आहे. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड व शृंगिका सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे, कंबर बारीक व शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात. खिडकी उघडी असता बाहेरून आलेल्या थव्याची चिंता नको. परंतु बंद खोलीत, भिंतीच्या फटीतून हे किडे निघत असतील, तर वसाहत घरातच आहे.

घुण व त्याचे भाऊबंद

न्यायशास्त्रातील घुण तो हा, म्हणजे लहान भुंगेऱ्यांची अळी. हा पाण्याच्या मागे नसून लाकडातील पिष्टाच्या मागे असतो, आणि ते पिष्ट झाडाच्या बाहेरच्या, पांढुरक्या रसकाष्ठात साठलेले असते. आतला गडद गाभा त्याला रुचत नाही. ‘सागाला कीड लागत नाही’ ही म्हण म्हणूनच अर्धी खरी आहे. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असल्यामुळे तो टिकतो. त्याच सागाची पांढरी कड मात्र इतर कोणत्याही लाकडाप्रमाणे खाल्ली जाते. जुन्या घरातील साग मोठ्या घेराच्या झाडाचा, बहुतेक गाभ्याचा असे. आज बाजारात येणाऱ्या लहान घेराच्या सागात पांढऱ्याचा भाग अधिक असतो, आणि आजोबांच्या सागाचा भरवसा नातवाच्या सागावर ठेवता येत नाही.

छिद्र एकदोन मिलिमीटरचे, गोल आणि खाली पडणारा भुसा मैद्यासारखा मऊ असेल, तर तो पिठाळ घुण. छिद्र तीन ते सहा मिलिमीटरचे व भुसा किंचित भरड असेल, तर तो त्याचा थोरला भाऊ. बांबूला पोखरणारा बारीक घुणही याच कुळातला. छिद्र लांबट, अंडाकृती असेल आणि रात्रीच्या शांततेत आतून खरवडल्याचा आवाज येत असेल, तर लांब शिंगांच्या भुंगेऱ्याची अळी आत आहे. ती कोरड्या लाकडात वर्षानुवर्षे राहते. वळचणीच्या वाशाला किंवा बांबूला बोटाएवढे सुबक गोल छिद्र दिसले, तर ते भ्रमराचे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडे काष्ठ भेदणारा, पण कमळाच्या कळीत अडकणारा म्हणून जो भ्रमर येतो, तो या काळ्या, घोंघावणाऱ्या माशीचाच गोत्रज. ती लाकूड खात नाही, पिलांसाठी घर कोरते. शिवाय फुलांच्या परागीकरणास उपकारक आहे. तेव्हा तिला न मारता, मोसम संपल्यावर छिद्र बुजवून तेवढ्या भागाला रंग द्यावा.

छिद्रे दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असे मात्र नाही. ते छिद्र किडा आत शिरल्याचे नसून पुष्कळदा बाहेर पडून गेल्याचे असते. म्हणून जुनी छिद्रे खडूने खुणावी, खाली काळा कागद अंथरावा आणि पंधरा दिवस वाट पाहावी. कागद स्वच्छ राहिला, नवे छिद्र पडले नाही, तर ती जुन्या स्वारीची निशाणी समजून औषधाचा खर्च वाचवावा. वाळवीच्या नळीचीही परीक्षा अशीच: मधला बोटभर भाग मोडून ठेवावा, दोनचार दिवसांत तो पुन्हा बांधला गेला, तर वाहतूक चालू आहे.

पाहणीचा परिपाठ

वर्षातून दोन पाहण्या पुरतात: एक वैशाखात, मृगाच्या आधी, आणि दुसरी नवरात्रानंतर, भिंती वाळू लागल्यावर. पहिल्या पाहणीत कौले, पन्हळी व वळचणी बघाव्यात. सरकलेले एक कौल एका पावसाळ्यात एक वासा नेऊ शकते. दुसऱ्या पाहणीत ओलीचे डाग, नळ्या व भुसा शोधावा. विजेरी भिंतीला समांतर धरून तिरप्या उजेडात पाहिले म्हणजे रंगाखालचे खळगे व नळ्या उठून दिसतात. खांब व चौकट हातोडीच्या मुठीने ठोकून बघावी. खणखणीत आवाज बदलून एकाएकी बद्द झाला, तर तेथे दाभण लावावे. कपाटांच्या पाठी, माळ्यावरची पुस्तके व पुठ्ठ्याची खोकी, भिंतीला टेकून रचलेले सरपण आणि जोत्यालगतच्या कुंड्या या जागा वाळवीला विशेष मानवतात. तेथून सरपण व कुंड्या हलविणे हा फुकटचा इलाज आहे. जे दिसेल ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी.

इलाज

इलाजाचा क्रम ठरलेला असावा: प्रथम पाणी, नंतर लाकूड, शेवटी औषध. गळती बंद करावी, न्हाणीचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे, तुळईच्या गाडलेल्या टोकाभोवती हवेला जागा ठेवावी. ओल्या लाकडाला तेलरंग देऊ नये. तो ओल आत कोंडतो, आणि आमच्या देवघराच्या चौकटीचा घात त्याच रंगाने झाला.

कुजलेला भाग खरवडून भुकटी-गोंद भरण्याने शोभा येते, बळ येत नाही. वजन न पेलणाऱ्या फळीला ते चालेल. वजन पेलणाऱ्या तुळईचा किंवा खांबाचा कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत, आणि त्यापलीकडेही वीतभर, कापून काढून तेथे संस्कारित लाकडाचा सांधा द्यावा. हे काम धिरे लावल्यावाचून व जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यावाचून हाती घेऊ नये. खांबाचा पाया मातीत न ठेवता तळखड्यावर बसविण्याची वाड्यांची जुनी रीत केवळ डौलाची नव्हती. दगड मधे आल्याने जमिनीची ओल लाकडाला पोचत नसे आणि वाळवीची नळी डोळ्यांसमोर यावी लागे.

घरच्या घरी करता येण्याजोगा, घुण व कूज या दोहोंवर चालणारा इलाज टाकणखार व बोरिक आम्लाचा. दहा लीटर कोमट पाण्यात सुमारे ६०० ग्रॅम टाकणखार व ४०० ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवून ते द्रावण रंग वा पॉलिश नसलेल्या लाकडावर ब्रशाने दोनतीन वेळा द्यावे व छिद्रांत पिचकारीने भरावे. मधे लाकूड वाळू द्यावे. हे क्षार पाण्यात धुऊन जातात, म्हणून पावसाच्या माऱ्यात असलेल्या लाकडाला त्यांचा उपयोग नाही. पोटात गेल्यास ते विषारी आहेत, तेव्हा हातमोजे वापरावेत आणि मुलांना व गर्भवतींना या कामापासून दूर ठेवावे. पोळपाट, पाट अशा अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंना ते मुळीच लावू नये. छिद्रात घासलेट सोडण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु ते उडून जाते, त्याचा परिणाम टिकत नाही आणि आगीचे भय मात्र उरते. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी चाल आहे. ते बाहेरच्या लाकडास चालते, परंतु कातडी जाळते, म्हणून उघड्या हाताने त्याला शिवू नये.

लहान वस्तूंना औषधाऐवजी उष्णता द्यावी. लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सियसवर अर्धा तास राहिले तर कीड मरते, या तत्त्वावर परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेट्या तापविण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे; अशा पेटीवर कणसाचे चिन्ह व ‘एचटी’ ही अक्षरे छापलेली असतात, आणि पेट्यांच्या लाकडाचे फर्निचर करून घेणाऱ्याने ती पाहून घ्यावीत.

जमिनीतील वाळवीचा बंदोबस्त मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावा. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात उभ्या इमारतीसाठी पद्धती दिली आहे: जोत्याभोवती चर खणून औषध भरणे, फरशी व भिंत यांच्या सांध्यात सुमारे फूटभर अंतराने छिद्रे पाडून त्यांत औषध सोडणे, आणि चौकट व भिंत यांच्या सांध्यात तिरपी छिद्रे घेऊन लाकडापर्यंत ते पोचविणे. नुसते भिंतीवर फवारून जाणाऱ्याने यांतले काहीच केलेले नसते. मक्ता देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे करारनाम्यात लिहून घ्यावीत: कीड कोणती, औषध कोणते, त्याचे प्रमाण किती, एकूण किती लीटर जिरवणार, आणि हमीची मुदत किती. कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये नोंदणी झालेले औषधच वापरता येते. डब्यावरचा नोंदणी क्रमांक स्वतः वाचावा. एके काळी सर्रास वापरले जाणारे आल्ड्रिन, क्लोर्डेन व हेप्टाक्लोर यांवर आता बंदी आहे, कारण ती विषे मातीत व प्राण्यांच्या चरबीत दीर्घकाळ टिकून राहतात. कोणी ‘जुने जालीम औषध’ देऊ करील, तर त्यास नम्रपणे परत पाठवावे. अंगणात विहीर असेल, तर ही गोष्ट मक्तेदारास आधी सांगावी, आणि विहिरीच्या बाजूला जमिनीत औषध मुरवू देऊ नये.

नवे लाकूड घेताना

लाकूड घेताना पांढरी कड काढून टाकण्याची अट घालावी. कड ठेवायचीच असेल, तर ती संस्कारित असावी. देहरादूनची वनसंशोधन संस्था १९०६ साली स्थापन झाली, आणि तेथेच १९३०च्या दशकात सोंती कामेशम् यांनी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे जे मिश्रण सिद्ध केले, ते पुढे जगभर वापरले गेले. दाबयंत्राने ते लाकडात खोल भरतात व लाकडाला हिरवट छटा येते. कुंपणाच्या खांबांना ते उत्तम. पण त्यात आर्सेनिक असल्यामुळे त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात जाळणे घातक आहे. प्लायवूडच्या बाबतीत ‘मरीन’ शब्दाने फसू नये. तो मुख्यतः गोंदाच्या पाण्यातील टिकाऊपणाचा वाचक आहे, म्हणून कीटकरोधक संस्काराची हमी वेगळी मागावी. बांबू आणि पोफळीचे वासे वाहत्या पाण्यात काही आठवडे भिजवून मग वापरण्याची आपल्याकडची रीत शास्त्रशुद्ध आहे, कारण तेवढ्या अवधीत घुणाचे अन्न असलेले पिष्ट बरेचसे निघून जाते.

आमच्या देवघराला आता तिसरी चौकट आहे. ती बसविण्यापूर्वी न्हाणीची मोरी भिंतीपासून चार हात दूर हलविली आणि चौकटीचे दोन्ही पाय दगडावर घेतले. लाकूड सागाचे नाही, फणसाच्या गाभ्याचे आहे, आणि त्याला तेलरंग न देता जवसाचे तेल देतो, म्हणजे लाकूड डोळ्यांना दिसत राहते. दर वैशाखात तिच्या पायथ्याशी अंगठा दाबून पाहतो आणि वहीत तारीख लिहितो. या वर्षी वहीतील नववी नोंद झाली: ‘कोरडे. टणक.’